चार नंबरचा वाटा

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार

सकाळच्या लोणावळा लोकलने मळवलीला उतरले. देहूरोडला आप्पा ट्रंक घेऊन स्टेशनपर्यंत आले होते. गाडी सुटल्यावर पंधरावीस पावलं तिच्याबरोबर चालले. आमच्या घरातली पहिली नोकरी, जी लष्कराच्या डेपोतली नाही.

कारखान्याचा ट्रक न्यायला आला होता. डोंगराचा पाय सरळ कापून केलेल्या सपाटीवर सहा भट्ट्या एका ओळीत आहेत. त्यांच्या मागे दहा पावलांवर कापलेला काळा कडा. मला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आहे, खिडकीतून लोहगड आणि विसापूर दोन्ही दिसतात. हवा छान आहे. सकाळी आले तेव्हा बावीस अंश.

जेवण चिमाबाई देणार. त्यांचे यजमान भिमाजी इथले मुकादम. आज आंबेमोहोराचा भात आणि वालाची उसळ होती. मी इथे काय करणार, असं त्यांनी विचारलं. भट्ट्यांना कोळसा कमी लागेल असं काहीतरी करणार, असं मी सांगितलं. त्या हसल्या. "कमी जाळायला येवढं शिकावं लागतं व्हय?"

मलाही हसू आलं. मी सहसा पहिल्या दिवशी हसत नाही.

६ फेब्रुवारी, बुधवार

कामाची नीट नोंद करून ठेवते.

दगडी कोळसा बंद नळ्यांत भाजला की वायू सुटतो. तो शेजारच्या चिनीमातीच्या कारखान्याला जातो. मागे कोक उरतो. त्यातलाच थोडा कोक खाली जाळून नळे तापवायचे. सध्या शंभर किलो कोळशामागे अठरा किलो कोक जाळला जातो. मुख्य कचेरीने ३१ मार्चपर्यंत तो आकडा पंधराच्या खाली मागितला आहे. तो आला नाही तर कारखाना बंद आणि एकसष्ट माणसं घरी. मॅनेजर वाकणकर हे सांगताना टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. त्यांचा सूर मात्र साधा होता.

पंधरा अवघड नाही. भिंतींच्या फटीतून गार हवा आत ओढली जाते, धुराड्यातून ४६० अंशाचा वायू फुकट जातो. ही घरबांधणीतल्यासारखी दुरुस्ती आहे. पंचेचाळीस दिवस पुरेत.

भट्ट्या पेटत्या ठेवणारे फायरमन लोक लांबून बघत होते. त्यांच्यात हौशीराम नावाचा सोमाटण्याचा एक आहे, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की थंडी वाजाया लागली तर इंजिनेरबाईंच्या कागदांची शेकोटी करू. सगळे हसले. मी आकडे लिहीत राहिले.

९ फेब्रुवारी, शनिवार

सहाही भट्ट्यांच्या उष्णतेचा ताळमेळ मांडला. आत किती गेली, वायूबरोबर किती, कोकबरोबर किती, धुराड्यातून, भिंतींतून. पाच भट्ट्यांत शंभरातले दोन-तीन भाग सापडत नाहीत. एवढी चूक मोजण्यात असतेच. चार नंबरमध्ये अकरा भाग सापडत नाहीत.

तीन वेळा मोजलं. अकरा.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं. चार नंबरच्या मागच्या बाजूला, जमिनीलगत, धुराच्या बोगद्याला एक वीट नाही. तिथून हातभर रुंद चर निघतो आणि थेट कड्यातल्या एका भोकात जातो. नकाशात तो कुठेच नाही. तापलेला वायू दिवसरात्र डोंगरात जातो आहे.

तिथे बहिरू नावाचा माणूस बसलेला होता. वरच्या वाडीतला, बारीक अंगाचा, पन्नाशीचा. त्याचं काम एवढंच, की चरात राख साठू द्यायची नाही. हजेरीपत्रकात त्याची नोंद 'सफाई' अशी आहे.

मी विचारलं हे काय. तो म्हणाला, वाटा.

कारखाना बांधताना डोंगर कापला, तेव्हा त्याचं आतलं उघडं पडलं, वारं लागलं. त्याला ऊब लागते. बारका वाटा, पर लागतो. मी विचारलं, नाही दिला तर? तो म्हणाला, "न्हाई दिला असं कदी झालंच न्हाई, बाई."

मी भिमाजींना विचारलं. त्यांनीही हेच सांगितलं, फक्त माझ्याकडे न बघता. तेवीस वर्षं ही रीत चालू आहे. हिला कोणी हुकूम दिलेला नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

तापमान मोजायची तार भोकात साडेतीन मीटर आत घातली. तोंडाशी ३९० अंश. एक मीटरवर ११०. तीन मीटरवर १४.

तेवीस वर्षं तापलेला वायू ज्या खडकात जातो तो खडक आता दोनशे अंशांच्या वर असायला हवा. तार बदलून पाहिली. १४.

खडकात पाणी असेल, ते उष्णता वाहून नेत असेल. पाण्याचा आवाज आला नाही. तरीही वहीत 'पाणी' असंच लिहिलं आहे.

१८ फेब्रुवारी, सोमवार

गवंडी चार नंबरला हात लावायला तयार नाही. वाकणकरांनी दम दिला तर तो जेवायला म्हणून गेला आणि परत आला नाही. तेव्हा मी म्हणाले, मी लावते.

विटा कॉलेजात लावल्या आहेत. माती कोणी कालवून देईना. शेवटी भिमाजी पुढे आले आणि खाली बसून माती मळू लागले. बहिरू त्यांना काही म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. भिमाजींचं उत्तर ऐकू आलं. "एकसष्ट चुली हायत, बहिरू. डोंगराची एक."

कड्यातलं भोक बंद करायला अकरा विटा लागल्या. वरून भाजक्या मातीचा चार बोटं लेप. अडीच तासांत काम झालं. बहिरू सगळा वेळ तिथेच उभा होता. हात धुवून मी निघाले तेव्हा तो लेपाला पाठ लावून बसला.

त्याला आता काम उरलेलं नाही. त्याला दुसरं काही द्यावं असं वाकणकरांना लिहून दिलं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आठ दिवसांची सरासरी: चौदा पूर्णांक सहा.

चार नंबरपुरतं बोलायचं तर, इतर दुरुस्त्या धरल्या तरी अर्ध्याहून जास्त फरक त्या अकरा विटांचा. वाकणकरांनी लोणावळ्याहून चिक्की मागवून सगळ्या पाळ्यांना वाटली. आपल्या मुख्य कचेरीच्या दुसऱ्या दोन कारखान्यांनाही ही पद्धत कळावी म्हणून त्यांनी माझा नकाशा आजच्या टपालाने मुंबईला पाठवला. हौशीराम म्हणाला, बाईंचे कागद जाळायचं राहिलं. हे त्याने मला कबुली दिल्यासारखं सांगितलं आणि चिक्कीचा तुकडा पुढे केला. मी घेतला.

आप्पांना पत्र लिहिलं. पहिल्यांदाच कामाबद्दल लिहिलं.

५ मार्च, मंगळवार

बहिरू दुसऱ्या कामावर जात नाही. हजेरी लावून लेपाला टेकून बसतो. अंगावर घोंगडी. बाहेर आज चौतीस अंश होते.

मी त्याला उठायला सांगितलं. तो म्हणाला, हितंच बरं हाय.

११ मार्च, सोमवार

लोणावळ्याचे डॉक्टर आले. बहिरूचं तापमान ३४.९. त्यांना थर्मामीटर बिघडल्यासारखा वाटला म्हणून माझा दिला. ३४.८. अशक्तपणा, म्हणाले. गरम पेय, अंथरूण.

दोन जणांनी त्याला घरी नेलं. दुपारी तो चालत परत आला. वाडीपासून इथपर्यंत पाच मैल.

बाकीच्यांची तब्येत ठणठणीत आहे, हे लिहून ठेवते.

१५ मार्च, शुक्रवार

बहिरू सकाळी सव्वाअकराला गेला. टेकून बसलेलाच. चेहऱ्यावर त्रास नव्हता. सावलीत छत्तीस अंश.

अंगाला हात लावला तर चौदा अंश असावेत इतकं गार लागलं. अर्ध्या तासापूर्वी तो बोलत होता. माणूस इतक्या लवकर गार होत नाही.

संध्याकाळी आकडेमोड केली. करायला नको होती. पन्नास किलोचं माणूस सदतीसवरून चौदावर आणलं तर साडेनऊशे किलोकॅलरी निघतात. दीडशे ग्रॅम कोकमधून तेवढी मिळते. एका ओंजळीतून.

मी दिवसाला शेकडो किलो वाचवत होते.

१८ मार्च, सोमवार

सात जण. चार नंबरचे तीन, पाचचे दोन, दोनचा एक, कोळशाच्या ट्रकवरचा एक. सगळे ३५ च्या आसपास. भट्टीच्या तोंडाशी बसतात. तिथे हात धरवत नाही इतकी धग. हौशीरामच्या हाताची कातडी लाल झाली, फोड आले, आणि तो कुडकुडतोय. त्याच्या काखेत ३४.७.

भिमाजी संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीशी आले. आत आले नाहीत. बहिरू बसत होता तोवर कोणाला काही झालं नाही, असं म्हणाले. त्याला ठाऊक होतं. विटा लावल्या त्या दिवशीच तो म्हणाला होता, "मग मी बसतो."

मला त्या दिवशी ऐकू न आलेलं ते हे.

१९ मार्च, मंगळवार

विटा मीच काढल्या. पहारीने. कारखाना बंद पडला तर पडू दे, असं वाकणकरांना सांगितलं. त्यांनी पहार धरायला मदत केली.

चर मोकळा झाला. वायू आत जाईना. धूर तोंडाशी येतो आणि वळतो. उदबत्ती धरून पाहिली. आतून बाहेर हवा येते आहे, हळू, सारखी. थांबते, पुन्हा येते.

तार घातली. तीन मीटरवर ३६.९.

आता त्याला कोक नको आहे.

२२ मार्च, शुक्रवार

चार नंबर विझवायला काढली. तापमान सातशेच्या खाली आलं आणि शेजारच्या भट्ट्यांवरचे चार जण उभ्या उभ्या खाली बसले. दोघे उठले. दोघे नाही.

पुन्हा पेटवली.

हौशीराम बुधवारीच सोमाटण्याला बहिणीकडे निघून गेला होता. आज निरोप आला. तीन गोधड्यांखाली गेला. बहिणीने म्हणे उशाशी शेगडी ठेवली होती. जे लांब जातात त्यांचं लवकर होतं असं दिसतं. एकाच उदाहरणावरून असं म्हणू नये. दुसरं उदाहरण नको आहे.

वाकणकरांनी मुंबईला फोन लावला. नकाशाप्रमाणे काम सुरू करू नका म्हणाले. पलीकडून विचारलं, का? त्यांनी माझ्याकडे बघितलं.

२३ मार्च, शनिवार

भिमाजी पुन्हा आले. बरोबर पाचसहा जण. या वेळी आत आले, जमिनीवर बसले. आपसात ठरवून आले होते.

"बाई, तुमाला मोजमाप येतं. वाटून द्या. समद्यांना सारकं."

त्यांचं म्हणणं मला लगेच कळलं. बहिरूची जागा रिकामी राहू द्यायची नाही. कोणीतरी सतत बसायचं. एकाने सगळं द्यायचं, त्याऐवजी सगळ्यांनी थोडं थोडं.

वाकणकरांना धरून अठ्ठावन्न माणसं. दिवसाची चौदाशे चाळीस मिनिटं. प्रत्येकी चोवीस मिनिटं पन्नास सेकंद.

तक्ता केला. कड्यातल्या भोकाशी पत्र्याची खोपी उभी केली, दाराबाहेर एकजण घड्याळ घेऊन हाक मारायला. हाक मारल्याशिवाय कोणी उठत नाही, हे पहिल्याच पाळीला लक्षात आलं.

२७ मार्च, बुधवार

तक्ता चालतो. बसून उठलेला माणूस एक अंश, सव्वा अंश उतरतो. पुढच्या पाळीपर्यंत भरून येतो. जवळजवळ. रोज दशांश कमी भरतो.

नवीन कोणी पडलं नाही. चार दिवस.

लोक माझ्याकडे बघून मान लववतात. मला ते सहन होत नाही.

१ एप्रिल, सोमवार

मुख्य कचेरीचं पत्र. चर उघडून ठेवला तरी वायू आत जात नाही, म्हणून आकडा पंधराच्या खालीच राहिला. अभिनंदन. कारखाना चालू राहणार. वाकणकरांनी ते फळ्यावर लावलं आणि आपल्या पाळीला बसायला गेले.

दहा जण उठण्याच्या पलीकडे आहेत. अठ्ठेचाळीस उरले. प्रत्येकी तीस मिनिटं. तीस मिनिटांत दीड अंश. भरून येतो एकच.

म्हणजे माणसं कमी होतील, वेळ वाढेल, म्हणून माणसं कमी होतील.

हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. शाळेतलं गणित आहे.

३ एप्रिल

छत्तीस. चाळीस मिनिटं.

वाकणकर आज सकाळी. हाक मारली, आले नाहीत.

आप्पांचं पत्र आलं आहे. उघडलं नाही.

४ एप्रिल

भिमाजींना अंथरुणावरून उठता येत नाही. त्यांची पाळी उद्या सकाळी पावणेदहाला. चिमाबाई तक्त्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग बोट ठेवून वाचत वरपासून खालपर्यंत गेल्या. त्यांना अक्षरं येतात हे मला माहीत नव्हतं.

"तुमचं नाव कुटं हाय, बाई?"

राग नव्हता. खरंच शोधत होत्या.

मी तक्ता केला तेव्हा माझं नाव घातलं नव्हतं. विसरले नव्हते. कोणी विचारलं नाही म्हणून—

भिमाजींचं नाव खोडून तिथे माझं लिहिलं. चिमाबाई घड्याळ घेऊन बाहेर बसणार. त्यांना सांगितलं, जोरात हाक मारा. मी आले नाही तर पायाला दोरी आहे, ओढा. मग आत कोणाला पाठवू नका. म्हणाल्या, मंग मी हायच की.

मला त्यांना नको म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

पावणेदहा. वही घेऊन बसले आहे. नोंद कोणीतरी ठेवायला हवी.

पाठ लावली. पहिली तीन मिनिटं काहीच नाही. सुरुवातीला ३६.८.

सात मिनिटं. बोटं बधिर. लिहिता येतं. ३६.४.

अकरा. कुडकुडणं थांबलं. वाटलं होतं वाढेल. ३६.०. अंदाजापेक्षा वेगात. मी नवीन आहे म्हणून असेल.

पंधरा— खडक पाठीला मऊ लागतो. हे मोजता येत नाही. लिहून ठेवते. आतून हवा येते, जाते. माझा श्वास तिच्याबरोबर— ठरवून नाही.

आता कळलं बहिरू परत का चालत आला. दुखत नाही. हेच वाईट आहे. कोणीही स्वतःहून उठणार नाही, कारण इथे काहीच वाईट— चिमाबाईंना हे सांगायला हवं, त्यांनी बसू नये, त्यांनी मुळीच—

पारा दिसत नाही. ३४ असेल. किंवा खाली.

दोरी पायाला आहे ना? बघायला हवं. नंतर.

चिमाबाई हाक मारताहेत. वेळ झाली. मी ओ दिली.

पुन्हा हाक मारताहेत. दिली की ओ, चांगली मोठ्याने दिली, तरी त्या पुन्हा पुन्हा, आणि आता दार उघडून आत—

नका, मी येतेच आहे, मी उठले आहे, मी